क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ आहे, पण कुणासाठी?

पत्र

नमस्कार डॉक्टर,

आम्ही केज तालुक्यातले. माझ्या सासूबाई ६१ वर्षांच्या. शुगर १२ वर्षांपासून, बीपी पाच-सहा वर्षांपासून. अंगानं काटकुळ्या, वजन ४३ किलो. तरणेपणी सासऱ्यांबरोबर ऊसतोडीला जायच्या, गुडघे तिथंच गेले. दुखले की मेडिकलवरून गोळी आणून खातात. शुगरसाठी ग्लिमेपिराइड अन् मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी चालू आहे.

मे महिन्यात शुगरसोबत किडनीची तपासणी केली. क्रिएटिनिन १.१ आलं. कागदावर नॉर्मल ०.६ ते १.२ असं छापलंय, म्हणून सगळे निवांत आहेत. मी जुनी फाईल काढली तर पाच वर्षांमागं ०.८ अन् दोन वर्षांमागं ०.९ होतं. घरात बोलले तर म्हणाले, पॉइंटाचाच तर फरक आहे. पण शेजारच्या काकांचंही असंच नॉर्मल नॉर्मल म्हणता म्हणता डायलिसिस चालू झालं.

पुण्याचे दीर म्हणतात सिस्टॅटिन नावाची नवी रक्ततपासणी करा, नाहीतर मोठं पॅकेजच करून टाका. जाऊबाई म्हणतात शुगरच्या गोळ्यांनीच किडनी जाते, गोळ्या बंद करा अन् काढा द्या. त्यात गंमत अशी की हल्ली सासूबाईंची शुगर आपोआप कमी येऊ लागलीय, कधी ७०च्या खाली. मग खरंच गोळी बंद करावी का? वरणभात बंद करावा का? अन् शहाळ्याचं पाणी किडनीला चांगलं असतं म्हणतात, ते रोज देऊ का?

– एक सून, जि. बीड

उत्तर

ताई,

पाच वर्षांतले तीन आकडे शेजारी शेजारी मांडायचं काम खरं तर दवाखान्यात व्हायला हवं होतं, ते तुम्ही चुलीपुढं बसून केलंत. तुम्हाला जे खटकलं ते बरोबर खटकलं. रात्रीची झोप उडावी असं त्यात काही नाही, पण फाईल परत कपाटात ठेवून द्यावी असंही नाही.

क्रिएटिनिन हा स्नायूंमध्ये रोज साधारण ठरावीक प्रमाणात तयार होणारा टाकाऊ पदार्थ. किडनी तो रक्तातून गाळून लघवीवाटे बाहेर टाकते. किडनी मंदावली की तो रक्तात साठतो, म्हणून तो मोजायचा. एवढं बहुतेकांना माहीत असतं. लक्षात राहत नाही ते असं, की ज्याच्या अंगावर मांस जास्त त्याचं क्रिएटिनिन मुळातच जास्त तयार होतं आणि ४३ किलोच्या बाईचं मुळातच कमी. मुळात कमी तयार होत असूनही ते १.१ पर्यंत चढलं, तर बाहेर पडण्यात काहीतरी अडतंय असा संशय घ्यायला हवा. तुमच्या लॅबनं ०.६ ते १.२ ही पट्टी छापली, पण समोर तालमीतला गडी बसलाय का सासूबाई, हे त्या पट्टीला कळत नाही.

म्हणून आता नुसत्या क्रिएटिनिनवर थांबायचं नाही, त्यावरून ‘ई-जीएफआर’ काढायचा. म्हणजे किडनी मिनिटाला किती मिलिलीटर रक्तद्रव गाळते त्याचा अंदाज. वय, बाई का पुरुष, आणि क्रिएटिनिन एवढ्यावरून तो निघतो. सध्या वापरात असलेलं सूत्र २०२१ सालचं आहे. त्या सूत्रात १.१ हा आकडा ३० वर्षांच्या पुरुषासाठी टाकला तर ई-जीएफआर साधारण ९३ येतो, म्हणजे उत्तम. तोच १.१ तुमच्या सासूबाईंसाठी टाकला तर येतो ५७. नव्वदच्या पुढं चांगला, ६० ते ८९ मध्ये थोडा कमी, आणि साठच्या खाली तीन महिन्यांहून जास्त राहिला तर त्याला किडनीचा जुनाट आजार म्हणायचं, असा जगभरचा संकेत आहे.

आता तुमच्या फाईलीतले जुने आकडे त्याच सूत्रात घालू. पाच वर्षांपूर्वीचं ०.८ म्हणजे त्या वेळच्या वयात सुमारे ८६. दोन वर्षांपूर्वीचं ०.९ म्हणजे सुमारे ७४. आणि आता ५७. कागदावर ‘पॉइंटाचा फरक’ दिसतो तो असा उतरतो. वयाबरोबर वर्षाला एखादा अंक कमी होणं चालतं. वर्षाला पाचाहून जास्त घसरण असेल तर ती वेगवान समजतात. गेल्या दोन वर्षांत सासूबाईंची आठाच्या घरात आहे.

हे गणित सरळ रेषेत का चालत नाही, ते एकदा बघून ठेवा. सासूबाईंच्याच वयात क्रिएटिनिन ०.८ वरून १.१ झालं तर ई-जीएफआर २७ च्या आसपास उतरतो. तेच क्रिएटिनिन पुढं कधी २.२ वरून २.५ झालं, म्हणजे वाढ तेवढीच, ०.३ ची, तर उतार चारचाही नसतो. लोक २.५ बघून जीप करून लातूरला धावतात, आणि ज्या काळात खरी मोठी गळती झाली त्या काळातले सगळे रिपोर्ट ‘नॉर्मल’ म्हणून फाईलीत लागलेले असतात. शेजारच्या काकांचे कागद मी पाहिलेले नाहीत, पण ‘नॉर्मल नॉर्मल म्हणता म्हणता’ ही तक्रार मी इतक्यांदा ऐकतो की त्यात लबाडी कुणाची नसते, आकडा वाचायची पद्धत चुकते, हे आता ठामपणे सांगतो.

एवढं बोलून लगेच थोडं मागं येतो. तुम्ही तपासणी मे महिन्यात केलीत. आपल्याकडचा मे म्हणजे अंगातलं पाणी आटलेलं. त्यात ‘उपाशीपोटी या’ म्हटलं की आपली माणसं पाणीसुद्धा पीत नाहीत आणि लॅबसमोर अकरा वाजेपर्यंत बसतात. उपाशीपोटी म्हणजे चहा-नाश्ता नको. साधं पाणी प्यायला हरकत नसते. पाणी कमी पडलं की क्रिएटिनिन आणि युरिया दोन्ही वर सरकतात. आदल्या दिवशी कंदुरीचं जेवण झालं असेल तर शिजलेल्या मटणातूनही क्रिएटिनिन येतं आणि काही तास आकडा फुगवतं. त्या आठवड्यात गुडघ्याच्या गोळ्या रोज घेतल्या असतील तर त्यांनीही चढतं. शिवाय लहान लॅबमध्ये बरेचदा जुनीच, १८८६ सालच्या याफे नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या शोधावर बेतलेली पद्धत वापरतात. ती स्वस्त आहे, कामाची आहे, पण रक्तातले इतरही काही पदार्थ तिला क्रिएटिनिनसारखे भासतात. ०.१ चा फरक दोन लॅबमध्ये सहज पडतो.

तेव्हा ५७ हा आजचा संशय आहे, निकाल नव्हे. पाणी नीट पिऊन, दुखण्याची गोळी आठवडाभर न घेता, आदल्या दिवशी मटण न खाता, त्याच लॅबमध्ये पुन्हा एकदा क्रिएटिनिन करा. मग तीन महिन्यांनी परत. चिठ्ठीवर ‘ई-जीएफआरसह’ असं लिहून घ्या. बऱ्याच लॅब तो छापतात, फक्त मागावा लागतो. आणि समजा ५७ खराच निघाला, तरी तो किडनीच्या जुनाट आजाराचा ‘३ अ’ हा टप्पा. डायलिसिसचा विचार ई-जीएफआर १५ च्याही खाली गेल्यावर आणि त्रास दिसू लागल्यावर होतो. मध्ये पुष्कळ अंतर आहे, आणि ते अंतर तसंच राखणं आज हातात आहे.

आता तुमच्या पत्रात ज्या तपासणीचा उल्लेखच नाही, तिच्याबद्दल. लघवी. मधुमेहात किडनीला पहिली इजा होते ती गाळण्याच्या बारीक जाळीला, आणि चहाच्या गाळणीचं एखादं भोक मोठं झालं की आधी चहात पत्ती दिसू लागते, तसं इथं लघवीत अल्ब्युमिन नावाचं प्रथिन उतरू लागतं. त्या वेळी क्रिएटिनिन जागचं हललेलंही नसतं. उलट मधुमेहाच्या सुरुवातीच्या काळात कित्येकांची किडनी नेहमीपेक्षा जास्त जोरानं गाळत असते; वाढलेल्या साखरेमुळं तिच्या आतला दाब चढलेला असतो. अशा वेळी ई-जीएफआर शंभराच्या वर, क्रिएटिनिन झकास, आणि माणूस म्हणतो माझी किडनी तरण्या पोरासारखी आहे. आत जाळीवर ताण चालूच असतो.

ही तपासणी म्हणजे ‘युरीन एसीआर’, म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी प्रमाण. सकाळची पहिली लघवी सर्वांत चांगली. ३० च्या खाली ठीक, ३० ते ३०० मध्ये गळती सुरू झालेली, ३०० च्या पुढं जास्त. ‘युरीन रुटीन’मध्ये अल्ब्युमिन ‘निल’ लिहून आलं म्हणून समाधान मानू नका, ती साधी पट्टी सुरुवातीची थोडी गळती पकडत नाही. आणि एकच एसीआर वाढलेला आला तरी लगेच शिक्का नको. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, आदल्या दिवशीची अंगमेहनत, फार चढलेली शुगर किंवा बीपी, यांनीही तो वाढतो. तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन वेळा वाढलेला आला तर खरा धरायचा.

उलटंही घडतं. काही मधुमेही लोकांचा एसीआर चांगला असतो आणि ई-जीएफआर उतरलेला असतो. म्हणून दोन्ही लागतात, एकाच्या जागी दुसरी नव्हे. टाइप २ मधुमेह निघाला त्याच वर्षापासून दर वर्षी दोन्ही करायच्या असा नियम आहे. तुमच्या फाईलीत १२ वर्षांत एकदाही एसीआर नाही असं पत्रावरून वाटतं. असेल तर शोधा. नसेल तर या आठवड्याची पहिली तपासणी तीच. सोबत डोळ्यांच्या पडद्याची तपासणीही करून घ्या. किडनी आणि डोळा यांच्या बारीक रक्तवाहिन्यांना मधुमेह बहुधा जोडीनं धरतो. लघवीत अल्ब्युमिन भरपूर आणि पडदा मात्र स्वच्छ असं निघालं, तर किडनीच्या बिघाडाचं कारण दुसरंच काही आहे का हे डॉक्टरांना बघावं लागतं.

दीर म्हणतात ती सिस्टॅटिन सी. त्यांचं म्हणणं उडवून लावू नका, या एका बाबतीत ते बरोबर आहेत. सिस्टॅटिन हे शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशी तयार करत असलेलं लहानसं प्रथिन. स्नायूंवर ते फारसं अवलंबून नाही. त्यामुळं जिथं क्रिएटिनिन फसवतं, म्हणजे फार काटकुळी माणसं, फार पिळदार माणसं, हात-पाय कापावा लागलेली माणसं, तिथं सिस्टॅटिन आणि क्रिएटिनिन दोन्ही धरून काढलेला ई-जीएफआर जास्त विश्वासाचा. किडनीच्या आजारासाठी जगभर वापरली जाणारी २०२४ सालची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सुचवतात. सासूबाई त्या गटात बसतात. त्यांचा खरा ई-जीएफआर ५७ पेक्षाही कमी असण्याची शक्यता आहे, कारण सूत्राला त्यांचं वजन माहीतच नाही. पण सिस्टॅटिनलाही खोडी आहेत. थायरॉइडचा बिघाड, स्टेरॉइडच्या गोळ्या, अंगातली सूज-जळजळ, लठ्ठपणा, विडी-सिगारेट यांनी तो हलतो. तपासणी क्रिएटिनिनपेक्षा बरीच महाग, आणि तालुक्याच्या गावी नमुना बहुधा मोठ्या शहरात पाठवतात. म्हणून क्रम असा ठेवा की आधी एसीआर, मग पुन्हा केलेलं क्रिएटिनिन, आणि त्यावरून निघालेला ई-जीएफआर साठच्या आसपास घुटमळत असेल तर एकदा सिस्टॅटिन. दर तीन महिन्यांनी करायची ही तपासणी नव्हे.

मोठ्या पॅकेजला मात्र माझा सरळ नकार. त्यातल्या पन्नास-साठ तपासण्यांत सासूबाईंच्या कामाच्या चार-पाच असतात, आणि नेमका एसीआर कित्येकदा नसतो. रक्तातला युरिया पाणी, जेवण, पोटातला रक्तस्राव अशा कशानंही वर-खाली होतो. किडनीचा अंदाज घ्यायला तो क्रिएटिनिनपेक्षा कच्चा. युरिक अॅसिड वाढलेलं बघून लोक उगाच घाबरतात. पोटॅशियम आणि हिमोग्लोबिन मात्र करा, दोन्ही स्वस्त आहेत आणि दोन्हींवरून पुढची औषधं ठरतात. किडनी मंदावली की रक्त वाढवणारं एरिथ्रोपॉइटिन कमी पडतं आणि हिमोग्लोबिन उतरतं. ते उतरलेलं असेल तर तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीए१सी सुद्धा बिनचूक राहत नाही, तेव्हा घरच्या मशीनवरचे आकडे वहीत लिहीत जा.

दिरांनी कदाचित आणखी नव्या नावांबद्दल वाचलं असेल. टीएनएफ रिसेप्टर १ आणि २, किम-१, ही रक्तात मोजायची प्रथिनं. बोस्टनच्या जॉस्लिन मधुमेह केंद्रातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं की रक्तात टीएनएफ रिसेप्टर वाढलेले असले तर पुढच्या काही वर्षांत किडनी उतरण्याचा धोका जास्त, आणि तो धोका क्रिएटिनिन चढण्याच्या पुष्कळ आधी दिसतो. हे तीन घटक आणि रुग्णाची नेहमीची माहिती एकत्र करून धोका सांगणाऱ्या एका चाचणीला अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२३ मध्ये परवानगीही दिली. शास्त्र म्हणून मला ते फार आवडतं. पण आज केजमध्ये बसून त्याच्या मागं लागण्यात अर्थ नाही. धोका जास्त निघाला तरी उपचार तेच, जे एसीआर आणि ई-जीएफआर बघून आपण एरवीही सुरू करू.

आता जाऊबाईंचं म्हणणं. शुगरच्या गोळ्यांनी किडनी जाते, हे मराठवाड्यात पारावर, एसटीत, लग्नाच्या मांडवात सगळीकडं ऐकू येतं. त्याचं मूळही मला दिसतं. किडनी उतरली की डॉक्टर मेटफॉर्मिन कमी करतात किंवा बंद करतात, आणि लोक उलटा अर्थ लावतात की गोळीनंच घात केला. मेटफॉर्मिन किडनीला इजा करत नाही. ते किडनीवाटे बाहेर जातं, म्हणून किडनी मंद असली की अंगात साठून रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो. ई-जीएफआर ४५ च्या खाली गेला की मात्रा कमी करतात, ३० च्या खाली बंद. ५७ वर चालतं. बारा वर्षांची शुगर आणि बीपी हेच किडनीचे खरे वैरी. गोळ्या सोडल्या की त्यांना रान मोकळं. काढ्याचं म्हणाल तर कशाचा, कुणी केलेला, त्यात काय आहे हे माहीत नसलेलं चूर्ण-भस्म मंद किडनीला देऊ नये. काही भस्मांत शिसं-पारा यांसारखे जड धातू सापडलेले आहेत, आणि ते किडनीलाच बाधतात.

पण गोळीबद्दलची दुसरी गोष्ट, जिला तुम्ही ‘गंमत’ म्हणालात, ती मला तुमच्या अख्ख्या पत्रात सर्वांत जास्त टोचली. शुगर आपोआप कमी येऊ लागली. घरात यावर पेढे वाटले जातात. मी मात्र अशा वेळी आधी किडनी बघतो. इन्सुलिन मोडीत काढण्याचं काम किडनीही करते. ती थकली की अंगातलं इन्सुलिन जास्त वेळ टिकतं, आणि ग्लिमेपिराइडचा परिणामही लांबतो. मग तीच गोळी जास्त लागू लागते. ५७ वर एवढा फरक सहसा पडत नाही, म्हणून इतर कारणंही बघा. जेवण कमी झालंय का, वजन घटतंय का, गोळी घेऊन भाकरी उशिरा खातात का. कारण कोणतंही असो, ६१ वर्षांच्या बाईची शुगर ७० च्या खाली जाणं ही आनंदाची बातमी नाही. रात्री घाम, थरथर, बरळणं असं झालं की लगेच साखरपाणी द्या. आणि डॉक्टरांना या दोन-चार दिवसांतच सांगून ग्लिमेपिराइड कमी करून घ्या. एकत्र गोळीत तेवढंच काढता येत नाही, गोळी बदलावी लागते; म्हणून मनानं अर्धी करू नका.

मेडिकलवरच्या गुडघ्याच्या गोळीचं नाव तुम्ही लिहिलं नाही. डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नाइमसुलाइड यांपैकी काही असेल, किंवा पुडीत बांधून दिलेली बिननावाची लाल-पिवळी गोळी असेल, तर ती आजपासून बंद. ही औषधं किडनीत रक्त नेणाऱ्या वाहिन्या आवळतात. त्यात बीपीची काही औषधं आणि लघवी वाढवणारी गोळी जोडीला असेल, अंगात पाणी कमी असेल, तर चार दिवसांत किडनी बसू शकते. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून घ्या, शेक द्या, बसून करायचे मांडीचे व्यायाम शिकून घ्या. ऊसतोडीनं झिजलेले गुडघे कसे दुखतात ते मला ठाऊक आहे, म्हणून ‘सहन करा’ असं म्हणणार नाही.

उपचाराबद्दल थोडक्यात. एसीआर वाढलेला निघाला तर बीपीसाठी टेल्मिसार्टन, लोसार्टन किंवा रामिप्रिल या घराण्यातली गोळी द्यायची का, हे डॉक्टरांना विचारा. मधुमेहातली किडनी या औषधांनी सावरते हे टाइप २ च्या रुग्णांवरच्या मोठ्या चाचण्यांनी २००१ मध्येच दाखवलं. दुसरं, डॅपाग्लिफ्लोझिन ही शुगरची गोळी आणि तिची भावंडं. २०१९ आणि २०२० च्या चाचण्यांनंतर किडनी राखण्यासाठी ती जगभर वापरतात, आणि भारतात डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपल्यापासून ती परवडणारीही झाली. मात्र ती वजन उतरवते, तेव्हा ४३ किलोच्या सासूबाईंना देताना डॉक्टरांनी विचार करूनच द्यावी. नवरात्रात घट बसल्यावर सासूबाई नऊ दिवस उपवास धरत असतील तर ही गोळी चालू असताना कडक उपवास नको. त्यात साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं.

या दोन्ही प्रकारच्या औषधांनी सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं चढतं. ते बघून घरचे म्हणतील, बघा गोळीनं किडनी बिघडवली. तसं नसतं. किडनीतला जास्तीचा दाब उतरतो, म्हणून गाळण थोडं कमी होतं, आणि पुढं तेच तिला वाचवतं. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ चालते. टेल्मिसार्टनसारखी गोळी सुरू केली की दोन ते चार आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम करून बघायचं, एवढं चुकवू नका. आणि उलट्या-जुलाब लागले, काही पोटात ठरत नसेल, तर या गोळ्या आणि मेटफॉर्मिन त्या दिवसांपुरत्या थांबवायच्या का, हे आधीच डॉक्टरांकडून लिहून ठेवा. उन्हाळ्यात रात्री दोन वाजता विचारायला कुणी नसतं.

वरण बंद करू नका. हे मुद्दाम सांगतो, कारण किडनीचं नाव निघालं की आपल्याकडं पहिला घाला तुरीच्या वरणावर पडतो. किलोला ०.८ ग्रॅम प्रथिन, म्हणजे सासूबाईंना दिवसाला ३५ ग्रॅमच्या आसपास, लागतंच. भाकरी, वरण, थोडं दूध-दही यात ते जेमतेम बसतं. ते तोडलं तर आहेत ते स्नायूही जातील. मग क्रिएटिनिन कमी तयार होईल, पुढचा रिपोर्ट १.० येईल, आणि घरात सगळे म्हणतील पथ्यानं गुण आला. तोडायचंच असेल तर मीठ तोडा. ठेचा, लोणचं, पापड, वरून घेतलेलं मीठ. सैंधवही मीठच आहे. दुकानात ‘लो सोडियम’ म्हणून मिळणाऱ्या मिठात मात्र पोटॅशियम असतं, ते विचारल्याशिवाय आणू नका.

तपासण्यांसाठी खासगी लॅबच हवी असं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात क्रिएटिनिन सरकारी योजनेत फुकट होतं. एसीआर तिथं नाही झाला तर तुम्हाला अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. मेडिसिनच्या ओपीडीत सगळ्या जुन्या कागदांसह जा, तिथं डोळ्यांचा पडदाही त्याच फेरीत बघून होईल. फाईल तुम्हीच न्या, दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नका. पहिल्या पानावर तारीख, क्रिएटिनिन, ई-जीएफआर, एसीआर आणि पोटॅशियम असे रकाने आखून मागचे आकडे भरून न्या. ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांना तेवढंच पान बघायला सवड असते.

शहाळ्याचं राहिलं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. पोटॅशियमचा रिपोर्ट येईपर्यंत ते देऊ नका, साधं पाणीच द्या. पोटॅशियम नीट निघालं तर अधूनमधून एखादं चालेल, मात्र त्यातली साखर शुगरच्या हिशेबात धरून. टेल्मिसार्टनसारखी गोळी सुरू झाली तर परत एकदा विचारून.